पोहे काही पळून जात नाहीत, लेन्स सावकाश घे

पत्र थोडक्यात असं:

वाचक नागपूरचा, वय २६, राहायला महाल भागात, एका प्रायव्हेट कंपनीत अकाउंट्सला. सामान म्हणजे कॅनन १५००डी आणि त्याच्यासोबत डब्यात आलेली १८-५५ची किट लेन्स. ताईच्या मिस्टरांनी वर्धा रोडला फॅमिली रेस्टॉरंट टाकलंय, मेनूकार्डासाठी आणि डिलिव्हरी ॲपसाठी चाळीसेक पदार्थांचे फोटो हवे होते. याने एका संध्याकाळी बसून काढून दिले, ते पिवळट आणि सपाट आले, आणि भाऊजी सगळ्यांसमोर म्हणाले, "एवढा कॅमेरा घेऊन काय फायदा, माझ्या मोबाइलने याच्यापेक्षा बरे येतात." तेव्हापासून हा लेन्स शोधतोय. मित्र म्हणतो ५० एमएम एफ १.८ घे. यूट्यूबवर सांगतात फूडसाठी १०० एमएम मॅक्रोच (अगदी जवळून काढायची लेन्स) पाहिजे. दुकानदार म्हणतो आधी बॉडी बदला, फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) घ्या. हातात पंधरा हजार आहेत, मॅक्रो घ्यायची तर बाकीचे ईएमआयवर, आणि घरी सांगायचं नाही असं ठरवलंय. प्रश्न: "ताई, कोणती लेन्स घेऊ म्हणजे परत असं ऐकून घ्यावं लागणार नाही?" सोबत तीन फोटो आहेत.

भाऊ, आधी एक सांगते, हे "मोबाइलने बरे येतात" मी पण हॉटेलांचे फोटो काढता काढता ऐकलेलं आहे, आणि ते ज्याच्याकडून बिलाचे पैसे यायचे होते त्याच्याच तोंडून. तर तुझा राग मला कळतो. पण तुझा प्रश्न तूच परत एकदा वाचून पाहा. कोणती लेन्स घेऊ म्हणजे ऐकावं लागणार नाही, असं विचारून राहिलास तू, पोह्यांचा फोटो चांगला कशाने येईल असं नाही विचारलंस. भाऊजींना गप्प करणारी लेन्स अजून कोणत्या कंपनीने काढली नाही रे, निघाली तर लायनीत मी तुझ्या पुढे असेन.

आता तुझे फोटो. मी ते कॉम्प्युटरवर उघडले आणि त्यातली माहिती पाहिली, फोटोच्या फाइलमध्ये सगळं लिहिलेलं असतं, कोणत्या सेटिंगवर काढला ते, काही लपत नाही. तिन्ही फोटो १८ एमएमवर, म्हणजे सगळ्यात रुंद. दोन आयएसओ ३२००ला (म्हणजे सेन्सर उजेडाला खूप संवेदनशील करून), एफ ३.५ला (हा आकडा लहान तितकं लेन्सचं भोक, म्हणजे ॲपर्चर, मोठं), आतल्या लाइटमध्ये, आणि तिसरा कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा फ्लॅश उघडून. म्हणजे लेन्स बॅगमधून जशी निघाली तशीच वापरली, झूम फिरवलाच नाही, आणि ताट मोठं दिसावं म्हणून स्वतःच ताटात घुसलास. हे सगळेच करतात, मी पण केलंय.

१८वर जवळ गेलं की ताटाची तुझ्याकडची कड फुगते, पलीकडची आखडते, आणि कोपऱ्यातली वाटी अंड्यासारखी लांबट होते. तुझ्या थाळीच्या फोटोत ताकाचा ग्लास आता पडतो का मग पडतो असा वाकडा दिसतोय ना, तो याच्यामुळेच. यात लेन्स हलकी असण्याचा काही संबंध नाही, तू कुठे उभा आहेस त्याचा आहे. पुढची वाटी तुझ्यापासून एक वीत आणि मागची दोन वीत असेल तर पुढची दुप्पट दिसणारच. तेच दोन हात मागे सरकलास तर दोन्ही वाट्या तुझ्यापासून जवळपास सारख्याच लांब झाल्या, मग दिसतातही सारख्या. तर मागे सरक आणि झूम ५५ला आण. याला एक रुपया लागत नाही.

आता मित्राच्या ५० एमएमवर येते. ही लेन्स वाईट नाही, उलट एवढ्या पैशात एवढी शार्प लेन्स दुसरी सांगता येत नाही, आणि तुझ्या बॉडीवर ती साधारण ८० एमएमसारखी वागते (कॅननच्या छोट्या सेन्सरचा हिशोब १.६ने गुणायचा), जे प्लेटच्या फोटोला छान बसतं. पण लोक ती का घेतात तर "जवळचे फोटो येतील" म्हणून, आणि गंमत अशी आहे की जवळ जाण्यात ती तुझ्या किट लेन्सपेक्षा मागे आहे. ही ५० एमएम (कॅननची एसटीएम) ३५ सेंटिमीटरच्या आत फोकस करत नाही. तिथे तिच्या फ्रेममध्ये साधारण साडेदहा सेंटिमीटर रुंदीचा भाग मावतो. तुझी १८-५५ ही २५ सेंटिमीटरपर्यंत जाते, आणि ५५वर ठेवून तिथपर्यंत गेलास तर फ्रेम साडेसहा सेंटिमीटरची होते, म्हणजे कापलेली एक सांबारवडी फ्रेमभर, आतला कोथिंबीर-खोबऱ्याचा मसाला दिसेल अशी. (बाहेरच्या वाचकांसाठी, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, इडलीसोबतचं सांबार या वडीत नसतं, हे मला दर वेळी सांगावं लागतं.) आणि हे अंतर लेन्सच्या तोंडापासून नाही मोजायचं, बॉडीवर एक गोल आणि त्याला छेदणारी रेघ अशी खूण असते तिथे आत सेन्सर आहे, तिथपासून मोजायचं. म्हणून २५ सेंटिमीटरमधलं अर्धं जवळपास कॅमेरा आणि लेन्सच खाऊन टाकतात, तू वडीच्या अगदी अंगावर येतोस आणि तुझीच सावली वडीवर पडते. उजेड ताटाच्या मागून किंवा बाजूने असेल तर हा त्रास होत नाही, त्यावर येतेच पुढे.

मग एफ १.८चं काय, मागचं सगळं मस्त ब्लर होतं ते? तू पत्रात लिहिलंस की "प्रोफेशनल फोटोत बॅकग्राउंड उडालेलं असतं". असतं, पण किती उडवायचं त्याला माप आहे. मी हिशोब करून सांगते. तुझ्या कॅमेऱ्यावर ३० सेंटिमीटरची फ्रेम धरली, म्हणजे एक ताट मावेल इतकी, तर एफ १.८ला फक्त सव्वा-दीड सेंटिमीटर खोलीचा भाग शार्प येतो. ताटातली पुढची वाटी शार्प, बाकी भाजी, भात, पोळी सगळं धुक्यात. तीच फ्रेम एफ ८ला घेतलीस तर सहाएक सेंटिमीटर मिळतात. आणि ५० एमएमने अगदी जवळ, त्या ३५ सेंटिमीटरवर जाऊन एफ १.८ला काढलास तर शार्प भाग उरतो दोन मिलिमीटर. दोन! पोह्यातला एक शेंगदाणा अर्धा दिसेल. गिऱ्हाइकाला काय खायला मिळणार ते कळलं पाहिजे ना बाप्पा, मेनूतला फोटो आहे तो, कविता नाही. म्हणून मेनूच्या फोटोला मी स्वतः एफ ५.६ ते ८च्या मध्येच राहते आणि तेवढं तुझी किट लेन्स आरामात देते, उलट तिथेच ती सगळ्यात चांगली चालते.

आता तू म्हणशील एफ ८ला अंधार होतो. होतोच. पण मोठं ॲपर्चर खरं कामाला कधी येतं, उजेड कमी आहे आणि समोरचं हलतंय तेव्हा. लग्नात नवरी हलते, पोट्टे इकडून तिकडे धावतात, तिथे एफ १.८ पाहिजे. पोहे काही पळून जात नाहीत. कॅमेरा स्टँडवर लाव, आयएसओ १००, एफ ८, शटर पाव सेकंद लागो की अर्धा, लागू दे. दोन सेकंदांचा टायमर लाव म्हणजे बटण दाबल्याचा धक्का बसत नाही, आणि स्टँडवर असताना लेन्सवरचं स्टॅबिलायझरचं बटण बंद कर. पंखा पण बंद कर, हे सगळे विसरतात, अर्ध्या सेकंदात पंख्याच्या वाऱ्याने कोथिंबिरीचं पान हलतं आणि मग माणूस लेन्सला शिव्या देतो. स्टँड जड घे, ते ॲल्युमिनियमचे काडीसारख्या पायांचे घेऊ नको, तुझ्या पंधरा हजारातला पहिला खर्च हा कर.

आणि उजेड. तुझे फोटो पिवळे आले ते याच्यामुळे. संध्याकाळी रेस्टॉरंटमध्ये वर पिवळे एलईडी, ते २७०० ते ३००० केल्व्हिनचे, किचनच्या दारातून पांढरी ट्यूब, बाहेरून बोर्डाचा लाल-निळा उजेड. कॅमेऱ्याला एका वेळी एकच पांढरा कळतो, त्याने पिवळ्याशी जुळवलं की ट्यूबचा भाग निळा पडतो, ट्यूबशी जुळवलं की वरण हळदीसारखं. हे कोणतीच लेन्स सोडवत नाही, एक लाखाची आणली तरी नाही. आतले सगळे लाइट बंद करायचे आणि एकाच खिडकीच्या उजेडात काढायचं, बस एवढंच.

पण नागपुरात खिडकी म्हटलं की अडचण तिथेच सुरू होते हे मला माहीत आहे, कारण खिडकीत कूलर बसलेला असतो, नाहीतर काचेला काळी फिल्म मारलेली. बाहेर अंगणात टेबल असतील तर वर हिरवी जाळी. त्या हिरव्या जाळीखाली तर अजिबात काढू नको, उन्हाळ्यात मी एकदा काढले होते, उजेड भरपूर म्हणून खूश होते, घरी येऊन पाहते तर पांढरा भात पोपटी आणि वडा भाताची कढी शेवाळासारखी, सगळं परत काढावं लागलं आणि दुसऱ्या वेळचे पैसे कोण देणार. तर एक कूलर एका सकाळपुरता काढायला सांग, नाहीतर समोरचं मोठं दार पकड. सकाळी नऊ ते अकरा. ऊन थेट येत असेल तर दारावर आईची पांढरी सुती साडी किंवा आजोबांचं धोतर टांग, महागडा डिफ्यूझर पण हेच काम करतो. टेबल असं ठेव की उजेड ताटाच्या मागच्या बाजूने किंवा बाजूने येईल, तुझ्या पाठीमागून नाही. उजेडाच्या समोरच्या बाजूला पांढरा सनबोर्ड (हलका फोमचा बोर्ड) उभा कर, सावलीची बाजू उजळते.

तर्रीला तर याचा फरक एवढा पडतो की मी फक्त तेवढ्यासाठी टेबल फिरवते. मागून उजेड आला की तेलाचा थर चमकतो, लाल-नारिंगी रंग आतून पेटल्यासारखा दिसतो. समोरून फ्लॅश मारला की त्याच तेलावर पांढरे ठिपकेच ठिपके, तुझा तिसरा फोटो बघ. सावजी रस्सा अजून अवघड, तो मुळात काळपट, आणि फ्रेममध्ये काळं जास्त झालं की कॅमेरा समजतो अंधार आहे आणि आपल्या मनाने उजळवतो, मग तो रस्सा चॉकलेटी, पातळ दिसतो, ज्याने सावजी खाल्लंय तो म्हणेल हे कुठलं. तिथे एक्स्पोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा उजेड) खाली आण. दही, भात, पांढरी प्लेट असेल तर उलट, तेवढंच वर ने, नाहीतर पांढरं राखाडी होतं. आणि रॉमध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढ, पहिल्या फोटोत पांढरा कागद ठेवून घे, नंतर रंग जुळवायला सोपं जातं.

स्टीलच्या भांड्यांबद्दल एक अनुभव. सुरुवातीला मी एका थाळीवाल्याचे बारा फोटो दिले आणि त्याच्या बायकोने विचारलं की ताई प्रत्येक वाटीत हे केशरी काय आहे. तो माझा कुर्ता होता. लोक म्हणतात पोलरायझर लाव, तर पोलरायझर रश्श्यावरची, काचेवरची, प्लॅस्टिकच्या टेबलावरची चमक कमी करतो, पण उघड्या धातूवरची नाही, स्टीलसमोर तो काही कामाचा नाही. आणि तर्रीवर तर उलट जास्त फिरवलास तर तिची चमकच मारून टाकतो. शिवाय तुझ्या किट लेन्सचं तोंड फोकस करताना फिरतं, म्हणजे आधी फोकस, मग पोलरायझर, नाहीतर सेट केलेलं परत बिघडतं. तूर्त घेऊच नको. काळा शर्ट घाल आणि स्टीलसमोर सनबोर्ड धर म्हणजे त्यात पांढरं दिसेल, स्वच्छ.

आता लेन्स. पूर्ण सोडून दे म्हणत नाही मी, फक्त कोणत्या कामाला कोणती ते समजून घे.

वरून काढायचा फोटो, पूर्ण थाळी किंवा दोघातिघांचं भरलेलं टेबल. ६० सेंटिमीटर रुंद भाग घ्यायचा असेल तर ५० एमएमने कॅमेरा टेबलाच्या वर पावणेपाच फूट न्यावा लागतो. टेबल अडीच फूट, म्हणजे जमिनीपासून सव्वासात फूट. तू स्टुलावर, स्टूल खुर्चीवर, खाली गरम वरण, कॅमेऱ्याचा पट्टा लोंबतोय. नको. तेच २४ एमएमने टेबलाच्या वर सव्वादोन-अडीच फुटात होतं, जमिनीवर उभं राहून. आणि २४ तुझ्या किट लेन्समध्येच आहे, आकडा फिरव. पुढे कधी हेच काम जास्त येऊ लागलं तर कॅननची २४ एमएम एफ २.८ येते, पापडासारखी चपटी, १६ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते, मला ती हॉटेलच्या कामाला ५०पेक्षा जास्त उपयोगी वाटते पण तिचं नाव कोणी घेत नाही. वरून काढताना उंच ग्लास कोपऱ्यात ठेवू नको, बाहेर झुकतात, मधोमध घे नाहीतर काढून टाक. तुझ्या बॉडीची स्क्रीन वळत नाही, तर वाय-फायवर कॅननचं ॲप जोड आणि मोबाइलच्या स्क्रीनवर पाहून क्लिक कर. पट्टा गुंडाळून बांध, माझा एकदा पाटोडीच्या रश्श्यात बुडालेला आहे, मसाल्याचा वास सहा महिने गेला नव्हता.

तिरका फोटो, म्हणजे जेवायला बसल्यावर डोळ्याला दिसतं तसा, रस्सा, पोहे, बिर्याणी, हा ४० ते ५५मध्ये घे. वडा, समोसा, सांबारवडी, थर असलेलं काहीही, त्याला अजून खाली ये, जवळपास टेबलाच्या उंचीला, आणि ५५. इथे ५० एमएम खरंच मजा देते, एफ ४ वगैरेला. मडक्यावरची लंबी रोटी हवेत उडतेय असा फोटो हवा असेल तर तिथे मात्र ५० एफ १.८ला पर्याय नाही, शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाच्या आसपास लागतं, किट लेन्स हात टेकते. फक्त ट्यूबच्या उजेडात नको काढू, आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होते, फास्ट शटरला एक फोटो उजळ, एक मळका येतो. मागच्या दाराशी, दिवसा. आणि एसीतून कॅमेरा थेट भट्टीपाशी नेला की काचेवर वाफ धरते, दहा-पंधरा मिनिटं बॅगेतच राहू दे.

राहिली मॅक्रो. मी माझ्या दुसऱ्या वर्षी १०० एमएम मॅक्रो घेतली, ईएमआयवरच, हे पहिल्यांदाच छापून सांगतेय. दुकानदाराने काचेखाली मुंगी ठेवून दाखवली होती, मी पघळले. पहिलं काम सदरच्या बाजूला एका छोट्या हॉटेलात, सहा टेबल. तुझ्या-माझ्यासारख्या बॉडीवर १०० म्हणजे १६०सारखं, एक ताट फ्रेममध्ये बसवायला जवळपास दीड मीटर मागे जावं लागतं. मी मागे गेले, टेबल लागलं, ते सरकवलं, अजून मागे गेले, आणि पाठ हात धुवायच्या बेसिनला लागली, नळ चालू झाला. तशीच ओल्या पाठीने दोन तास काम केलं. वरून काढायचा तर प्रश्नच नव्हता, स्लॅबला छिद्र पाडावं लागलं असतं. एकास एक मॅक्रोत (वस्तू सेन्सरवर तिच्याच मापाची पडते) फ्रेम होते २२ मिलिमीटर रुंद, एक रुपयाच्या नाण्याएवढी. श्रीखंडावरची केशराची काडी, संत्रा बर्फीचा रवाळ पोत, जिलबीतून गळणारा पाक, यासाठी ती सुंदर आहे, आणि चाळीस पदार्थांच्या मेनूत असे फोटो लागतात दोन, फार तर तीन. लग्नाचं काम करणाऱ्या बऱ्याच फोटोग्राफरांकडे अंगठ्यांच्या फोटोसाठी मॅक्रो असते, एक दिवस भाड्याने आण आणि मग सांग मला हप्ते भरायचे का.

बॉडी बदला म्हणणाऱ्याचं तर ऐकूच नको. ए४ आकाराचं पान ३०० डीपीआयने छापायला पावणेनऊ मेगापिक्सेल लागतात, तुझ्याकडे २४ आहेत, आणि ॲपवर तो फोटो टिकलीएवढा दिसणार.

ज्यांच्याकडे निकॉन आहे त्यांनी एवढं पाहावं की डी३५००, डी५६०० या बॉडीत फोकसची मोटर नाही, जुनी ५० एमएम एफ १.८ डी स्वस्त मिळते म्हणून घेतली तर हाताने फोकस करत बसावं लागतं, नावात एएफ-एस असलेलीच घ्या. निकॉनची ४० एमएम मायक्रो छोट्या बॉडीवर हॉटेलच्या जागेत १००पेक्षा खूप सोपी जाते, आणि एकास एक पण जाते. जुनी लेन्स घेत असाल, कोणतीही, तर मोबाइलचा टॉर्च मागून मारून आत बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर बुरशी आहे, नमस्कार करून निघा.

आणि ज्यांच्याकडे कॅमेराच नाही, त्यांना पण हेच सगळं लागू. भाऊजींचा मोबाइल बरा का वाटला, कारण त्याचा सेन्सर एवढासा, त्यामुळे ताट सगळं शार्प येतं, आणि फोन स्वतःच रंग चढवून, सावल्या उजळवून देतो. तू एफ ३.५ला, आयएसओ ३२००ला, रंग न लावता दिलास. तुलना बरोबरीची नव्हतीच. मोबाइलवाल्यांनी मागे सरकून २एक्सवर काढा, खिडकीत, ताट वाकडं होत नाही.

आता भाऊजींचं. मला वाटतं तू त्यांचं बोलणं कॅमेऱ्यावर घेतलंस, ते कदाचित वेगळ्याच गोष्टीवर चिडलेले असतील. नवीन हॉटेल टाकलेल्या माणसाचं डोकं मी पाहिलंय, एक कूक गावाला गेलेला, गॅस संपायला आलेला, आणि तू एका संध्याकाळी, धंद्याच्या वेळी, चाळीस प्लेटी मागून राहिलास. चाळीस पदार्थ एका बैठकीत कोणी काढत नाही, मी पण नाही. दहा ते बारा, चार सकाळी. ताईमार्फत सांगू नको, तूच जाऊन सांग, की भाऊजी मला चार सकाळ द्या, नऊ ते अकरा, एक दाराजवळचं टेबल, एक कूलर काढलेला आणि किचनमधला एक पोरगा. पैसे मागायला लाज वाटत असेल तर नको मागू, पण स्टँड आणि सनबोर्डाचे पैसे त्यांना हक्काने द्यायला लाव, काम त्यांचंच आहे, आणि जे लोक काहीतरी खर्च करतात ते मग फोटो नीट पाहतात पण.

क्रम आधी ठरवून घे. बर्फी, पापड, लोणचं, ताक हे वाट पाहतात. पोहे पाहत नाहीत, तर्री घातल्यावर दोन-तीन मिनिटांत पोहे सगळं पिऊन टाकतात आणि शेव मऊ पडते. तिथे आधी साध्या पोह्यांची डमी प्लेट ठेवून फोकस, उजेड, सगळं जमवून घे, मग खरी प्लेट आण, तर्री कॅमेऱ्यासमोरच ओत, शेव-कांदा-लिंबू सगळ्यात शेवटी. ते यूट्यूबवर दाखवतात ना ग्लिसरीन फवारायचं वगैरे, ते करू नको, जे गिऱ्हाइकाच्या ताटात येणार नाही ते फोटोत का दाखवायचं.

आणि ईएमआय. कमवायला लागली नाही अशा वस्तूचे हप्ते, ते पण बाबांना न सांगता, माझा याला साफ नकार आहे. तुला लपवावंसं वाटतंय म्हणजे तुझ्याच मनात कुठेतरी शंका आहे. आत्ता स्टँड, सनबोर्ड घे, उरलेले पैसे राहू दे. महिनाभर किट लेन्सने काढ, दोनेकशे फोटो झाले की त्यांची माहिती उघड आणि कोणत्या आकड्यावर जास्त निघाले ते मोज. पन्नासच्या आसपास गर्दी असेल आणि उजेड कमी पडल्याची तक्रार असेल तर ५० घे, तुझ्या पंधरा हजारात ती बसते, कोणाला विचारायला नको. २४च्या आसपास असेल तर ती पापडवाली. आणि आकडे सगळीकडे पसरलेले असतील तर अजून काही घेऊ नको.

पहिला फोटो पोह्यांचाच काढ. ५५, एफ ८, आयएसओ १००, उजेड मागून. मला पाठव, मी खरं सांगेन. आणि काळा शर्ट विसरू नको, तुझ्या तिसऱ्या फोटोतल्या वाटीत तुझा पिवळा चेक्सचा शर्ट दिसतोय, वरून दुसरं बटण उघडं आहे.